टिप्परच्या जॅकवरचा बैल

१४ ऑगस्ट, वणी
आमच्या लोखंडी बैलाने आज पहिल्यांदा मान खाली घातली. धड दादाचं: टिप्परच्या भंगार पाट्यांचं वेल्डिंग, मानेला टिप्परचाच जॅक. अक्कल माझी: एक माईक, तळहाताएवढा कॉम्प्युटर. "हर बोला" ओरडलं की शिंगं खाली, मग वर. दादा पोरासारखा ओरडत सुटला. शेजारीण विचारते, "याचं करता काय?" काही नाही बाई, मजा.

२० ऑगस्ट
मानेचा जोर कमी करू म्हटलं. दादा: "कायले? बैल हाये का बकरी?" खरं तर मलाही जोरच आवडला. ठेवला.

२२ ऑगस्ट, पोळा

तोरणाखाली उभा केला. झडत्या, म्हणजे पोळ्याची खोडकर पद्यं, म्हणणारे चेकाळले, एकाची संपायच्या आत दुसऱ्याची. झडतीच्या शेवटी "हर बोला" आलं की गर्दी "हर हर महादेव" गर्जायची, बैल मान हाणायचा. लोक खूश. तेवढ्यात आई पुरणपोळीचं ताट घेऊन थेट त्याच्या तोंडापाशी! पोळ्याचा बैल म्हटला की बाया घास भरवणारच. हे मला सुचू नये? भोवती नुसता दोर बांधला असता तर...
"हर बोला!"
दादाने आईला ढकललं आणि स्वतः हातावर पडला. शिंग त्याच्या उजव्या पंजातून जमिनीत. मागच्यांना काही दिसत नव्हतं, ते ओरडतच होते. दर ओरडण्याला एक घाव. मी वायर उपटेपर्यंत पंजाचा चेंदा.

२६ ऑगस्ट
दोन बोटं काढली. पकड येणार नाही म्हणतात. वेल्डरचा हात! संतापाने अंगणातल्या कुंड्या फोडल्या. बरं वाटलं नाही.

६ सप्टेंबर
दादा घरी आला. सकाळपासून शेडमध्ये डाव्या हाताने बैलावर घन घालतोय. एक जोड निघत नाही. "माही वेल्डिंग हाये, तुटन कशी!" हसतोय की रडतोय, कळत नाही. घन ओढायला गेले तर मला भिंतीवर फेकलं. ओठ फुटला. मीही कडकडून चावले.
मग त्याने घन टाकला. शिंगाखाली डोकं ठेवलं. "वायर जोड वंदे. एकडाव पुरं करू दे त्याले."
वायर मुठीत घेऊन घरात पळाले. तो शेडमधून अजून ओरडतोय, "हर बोला!" आत्ता आई सवयीने "हर हर महादेव" म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसली.
वायर माझ्याकडे आहे. पण शेडमध्ये तसल्या वायरी ढीगभर आहेत, आणि कुठली कुठं लावायची हे त्याला मीच शिकवलंय.