नमुन्यादाखल

३ जून

आलो बाई एकदाचे! सामान लावता लावता कंबरेचा काटा ढिला झाला, पण घर मनासारखं मिळालंय. दोन खोल्या, भरपूर उजेड, आणि स्वयंपाकघरातला नळ पाणी सोडण्याआधी चक्क घसा खाकरतो. भिंगरीने त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. भिंगरी म्हणजे आमची लेक, वय वर्षं सात. खरं नाव शाळेच्या पटावर. घरात तिचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. डाव्या भुवईवरची खूणही अशीच गरगर फिरताना टेबलाचा कोपरा लागून मिळवलेली. आल्या आल्या बाईसाहेबांनी खिडकीचा कट्टा बळकावला आणि तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा हुकूम काढला.

परवापासून इथल्या संग्रहालयात कामावर. नवरा म्हणतो, आजवर आम्हा दोघांनाच शिकवत होतीस, आता अख्ख्या गावाला शिकव, आम्हाला जरा सुट्टी.

५ जून

संग्रहालय राजेरजवाड्यांचं नाही, साध्या घरातल्या वस्तूंचं आहे. कंदील, आरसे, खेळणी, पाळणे, आणि शेवटच्या दालनात पाट्या-पेन्सिली. इमारत पूर्वी पोस्टाची होती, त्यामुळे तिकिटाची खिडकी आयतीच मिळाली. खिडकीवरच्या बाई अशा गप्पिष्ट की तिकिटापेक्षा बातम्याच जास्त देतात. संचालक मऊ बोलणारे आहेत. 'हाताची घडी, तोंडावर बोट' छापाचं संग्रहालय त्यांना नको आहे, तेव्हा आमचं जमेल.

माझं काम असं. येणाऱ्याला दारातच मोबाइल आणि हेडफोन द्यायचा. माणूस कुठे उभा आहे, किती वेळ थबकलाय, कशाकडे पुन्हा वळलाय, हे मोबाइलने ओळखायचं आणि तसं त्याच्या कानात बोलायचं. घाईतल्याला दोन वाक्यं, रमलेल्याला अख्खी गोष्ट. कुणी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली की माझ्या पडद्यावर त्या वस्तूसमोर 'पोहोचलं' असं उमटतं. हा शब्द मीच निवडला आणि त्याचा मला फार अभिमान आहे. संचालक म्हणाले, ऐकणाऱ्याला ती स्वतःचीच आठवण वाटली पाहिजे, तरच शिकणं झालं. मी म्हटलं, बघाच तुम्ही.

११ जून

जाणकारांचा मजकूर यायला अजून वेळ आहे. तोवर यंत्रणा तपासायची तर तिच्यात काहीतरी भरायला हवं. आमच्या धंद्यात सगळे हेच करतात: नमुन्यादाखल जे सुचेल ते भरायचं, खरा मजकूर आला की पुसायचं. मी माझ्याच आवाजात माझ्याच आठवणी भरल्या. कंदिलाला मामा दिला, तो भिंतीवर सावल्यांचे प्राणी करायचा. पाटीला बाबा दिले, माझी मूठ धरून त्यांनी पहिलं अक्षर गिरवून घेतलं तो दिवस. बाकी सगळीकडे भिंगरीच. आरशात ती पहिल्यांदा स्वतःला पाहून हसली ते, लाकडी घोड्याची शेपूट सोडून माझ्याकडे चालत आली ते, पाळण्यापाशी तिला घरी आणलं तो दिवस. तोंड उघडलं की तीच येते, काय करू! नमुन्यादाखलच तर आहे.

१९ जून

पहिले पाहुणे आत सोडले. पाट्यांच्या दालनाला रंग चाललाय म्हणून ते बंद, बाकी सगळं सुरू. लोक हलायलाच तयार नाहीत! कंदिलापाशी एक बाई डोळे पुसत होत्या. मी खूश.

दुपारी खिडकीवरच्या बाईंनी एक गंमत सांगितली. एक मामा कंदिलापुढे हात धरून हत्ती करायचा, पण बोट वाकडं असल्यामुळे त्याच्या हत्तीला नेहमी दोन सोंडा यायच्या. मी पोट धरून हसले. विचारलं, तुमचा मामा का? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अहो, ही तुमचीच गोष्ट की, मोबाइलमधली.

मोबाइल लावून ऐकलं. आवाज माझाच आहे. मला मामा आहे हेही ठाऊक आहे. पण दोन सोंडांचा हत्ती मी आजच ऐकला.

२३ जून

कंदील: पोहोचलं. आरसा: पोहोचलं.

आरशाची गोष्ट ऐकली. कुणाचं तरी तान्हं बाळ, आरशात बघून हसतंय. छान आहे. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, हे तू येईल त्या पाहुण्याला सांगून वात आणला होतास. आणि मग, दमली आहेस, लवकर झोप.

लाकडी घोड्याची गोष्ट अजून कुणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. ती मला अगदी लख्ख आठवते. शेपूट सोडली, हात पसरले, आणि आली. अजून आठवते. भीती वाटते आहे मला, उगाच कशाला लपवू?

२४ जून

सकाळी घोड्याची गोष्ट पुसून टाकली. वाटलं, तिकडून पुसली की माझ्याकडे राहील.

गेली. दुपारपासून आठवत बसले आहे. कालचं पान वाचते. शेपूट सोडली, हात पसरले. कोण? वाचलेलं कळतं, पण दिसत काहीच नाही. कुणी ऐकलं तर निदान त्याच्याकडे तरी राहतं. पुसलं तर कुणाकडेच राहत नाही.

न विचारता पुसलं म्हणून संचालक भडकले. माझे बदल करायचे अधिकार काढून घेतले. शिवाय त्यांनी ठरवलंय की दुसरा मजकूर नकोच, हेच आवाज कायम ठेवायचे, लोकांना लळा लागलाय. एक जुलैला सगळी दालनं उघडणार. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाणी दिलं आणि उद्‌घाटनानंतर आठवडाभर रजा घ्या म्हणाले.

२८ जून

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाहेर पडताना माझे दोन्ही हात धरले. लेकीला घरी आणलं तो दिवस सांगायला लागले. पिवळी शाल. जिन्यात ती शिंकली आणि सगळे जागच्या जागी थांबले, इतकी छोटी शिंक. सांगताना रडत होते. नंतर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, यांचं तर लग्नच झालेलं नाही.

पाळणा: पोहोचलं.

घरी एका मुलीने दार उघडलं. ही भिंगरी असणार हे कळलं, दुसरं कोण असणार? तिने कमरेला मिठी मारली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, शेजारच्या पोरीच्या डोक्यावरून फिरवावा तसा. हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

२९ जून

उपाय सापडला. लिहायचं. लिहिलेलं कुठे जात नाही. चिठ्ठ्या करून दाराच्या आत चिकटवल्या. मुलगी सात वर्षांची, घरातलं नाव भिंगरी. डाव्या भुवईवर खूण. खिडकीचा कट्टा तिचा. नळाला आजोबा म्हणायचं. ती तुझी आहे. घरात पाऊल टाकताच आधी हे वाच.

संध्याकाळी एकदम लक्षात आलं. पाटी. पाळण्याची एक आठवण गेली आणि तिच्यावर उभी असलेली सगळी लेक गेली. पाटीवर तर माझं सगळं लिहिणं उभं आहे. वाचणंही. तेही पोहोचलं तर या चिठ्ठ्या—

३० जून

संचालकांच्या पाया पडायची बाकी राहिले. पाट्यांचं दालन बंद ठेवा. ते म्हणाले, उद्या शाळेची मुलं खास पाट्या बघायलाच येतायत.

खिडकीवरच्या बाईंनी माझ्यासाठी किल्ली हरवली. बिचाऱ्या. संचालकांकडे दुसरी होती.

१ जुलै

सकाळी ती मुलगी निळा गणवेश घालून निघाली. नवरा म्हणाला, सहल आहे. कुठे, ते मी विचारलंच नाही.

पाटीसमोर बसले आहे. लोकांना परत फिरा म्हणते. ते हसतात, त्यांना हा प्रदर्शनाचाच भाग वाटतो. एकाने माझा फोटो काढला. एकाच्या कानातला हेडफोन ओढला तर पहारेकऱ्याने मला दोरीपलीकडे बाकावर बसवलं. त्याचा हात खांद्यावर आहे. उठू देत नाही. वही तेवढी राहू दिली.

पाटी: अजून नाही.

मुलं आली. निळे गणवेश. सगळी खेळण्यांकडे पळाली. बरं झालं. तिकडेच रहा रे—

एक इकडे आली. एकटीच. पाय जागेवर ठरत नाही. पाटीपाशी मात्र थांबली. हेडफोन कानांपेक्षा मोठा. माझ्याकडे बघून हसली, ओळखीचं. ओरडून म्हणाली, आई, तुझा आवाज!

आई कुणाला म्हणते ही

डाव्या भुवईवर खूण— चिठ्ठीत होतं— डाव्या—

काढ गं ते. काढ कानातलं. बोट वर करते. थांब म्हणते. शेवटपर्यंत ऐकायचंय म्हणते

हाक मारली तर वळेल. हाक काय मारायची. नाव चिठ्ठीत आहे, चिठ्ठी घरी. लिहीत राहिले की येईल. हात येईल लिहीत. तिला आम्ही घरात म्हणतो भिं