चोवीस पंचनामे

३ एप्रिल
पोंभुर्ण्यात पोचलो एकदाचा! गावाबाहेर, सागाच्या जंगलाला लागून सरकारी गृहयोजनेची इमारत. चोवीस क्वार्टर, त्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं बारा नंबर माझं. बाकीच्यांत लोक परस्पर घुसून राहिलेत. त्यांना काढायचं, खोली रिकामी असल्याचा पंचनामा करायचा आणि दाराला कुलूप लावून सील करायचं, एवढंच काम. आईला फोनवर ऐटीत सांगितलं, अख्खी इमारत माझ्या ताब्यात आहे. शिपाई नथ्थूभाऊ गालात हसले.

९ एप्रिल
समोरच्या अकरा नंबरात म्हातारी सोमारीबाई राहते, तीही बिनपरवानगी. पहाटे मोहफुलं वेचायला जाते, जाताना बाहेरच्या कडीला तार गुंडाळते. आज पळसाच्या पानावर टेंभरं, तेंदूची पिकलेली फळं, आणून दिली. "तू भी एकटाच, मी भी एकटीच. काऊन लाजून राह्यला बाबू? खा ना." इथे माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलंच माणूस. बाकीचे मला पाहिलं की दार लावून घेतात.

१६ एप्रिल
लोक निघून चाललेत. महिनाअखेर इमारत मोकळी हवी, असा साहेबांचा तगादा. प्रत्येक खोलीत शिरून कोण बघत बसणार? बसल्या बैठकीला चोवीसही पंचनामे लिहून टाकले. सगळ्यांत एकच वाक्य: 'खोलीत कोणीही इसम आढळला नाही.' सह्या ठोकून नथ्थूभाऊंच्या हवाली केले. ते कागदाबाहेर पाऊल टाकत नाहीत.

२१ एप्रिल
आज अकरा नंबर. कडीला तार नव्हती. आत बघून घ्यायचं का, नथ्थूभाऊंनी विचारलं. जंगलात गेली असेल, तार विसरली असेल, असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर तिला तोंडावर 'नीघ' म्हणायची लाज वाटत होती. सीलची लाख ओतताना आतून खोकल्यासारखं काही ऐकू आलं. खिडकी वाजली असेल. संध्याकाळच्या बसने सुटीवर घरी गेलो.

२७ एप्रिल
परतलो. इमारतीत चिटपाखरू नाही. भर दुपारी अकरा नंबराच्या दारावर थापा. आतून. नथ्थूभाऊ म्हणाले, त्या दिवसापासून बाई कोणाला दिसलेली नाही.

२८ एप्रिल
सील तोडलं. आत कोणी नाही. आंबलेल्या मोहफुलांचा वास, कोरडा पडलेला माठ. दाराला आतून नखांचे ओरखडे, पार खाली, उंबऱ्यापर्यंत. नथ्थूभाऊंनी पंचनाम्यावरून बोट फिरवलं. बरोबर लिहिलंय, म्हणाले.

२९ एप्रिल
ताप. उठवत नाही. थापा आता माझ्या भिंतीत — सोमारीबाई, चुकलं माझं. आत बघायला हवं होतं.

३० एप्रिल
दाराबाहेर लाखेचा वास. नथ्थूभाऊ वाचतायत — क्वार्टर नंबर बारा, 'कोणीही इसम आढळला नाही' — सही माझीच. मी आहे आत, ओरडलो. पावलं जिना उतरून गेली. फोन मेलेला. हाक मारू तर कोणाला — मीच सगळ्यांना काढलं —

पाठीमागे कोणीतरी बसलंय. मोहफुलांचा वास.

"ओरडून नको राहू बाबू. मी भी लई बोंबलली. कागदात नाई ना आपन."

मी आहे. खोलीत इसम आहे. खोलीत मी —