डॅशबोर्डखाली हात

२ एप्रिल
पुन्हा बंद पडली. दांडी गावाच्या अलीकडे, साडेअकराच्या उन्हात. आचका नाही, धूर नाही. नुसती गप्प झाली, माझ्या विनोदावर बायको होते तशी.
पंचवीस वर्षं जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार. पन्नाशी उलटली की माणसं योगासनं करतात, नाहीतर हे. टोपल्या घेऊन चाललेल्या दोन कोळणी थांबल्या.
"गाडी नवरीसारकी हाय गो."
"न् नवरा बग, ढकलतंय!"
वीस मिनिटांनी आपोआप सुरू. सकाळच्या गारव्यात कधी बंद पडत नाही. ऊन चढलं की नखरे.

४ एप्रिल
बोईसरला गणपतकडे. गणपत वरठा, मूळ मासवणचा, स्वतःचं गॅरेज. आधी इंजिनाचं ऐकतो, मग मालकाचं. पंप तपासला, फिल्टर बदलला. मग हात पुसत विचारलं, "साहेब, डॅशबोर्डखाली कोनी हात घातलाय का? वायरिंगला?"
"नाही," म्हणालो.
घातलाय. मीच. गाडी आणली त्या आठवड्यात शेजारी म्हणाले, नजर लागण्यासारखी आहे हो. शनिवारी बाजारातून बिब्बा आणला, सुईने टोचून काळ्या दोऱ्यात ओवला, आणि कोणाला दिसू नये म्हणून किल्लीमागच्या वायरींना आतल्या आत बांधला. वीस वर्षं साप्ताहिकातून लिंबू-मिरचीवाल्यांची टर उडवतोय. गणपतला कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय बिब्ब्याचा इंजिनाशी काय संबंध.

७ एप्रिल
दोनदा. दुसऱ्यांदा बोईसरच्या नाक्यावर, मागे ट्रकांची रांग. एक क्लीनर खाली उतरून, "अंकल, इसको शोकेस में रखो, रोड पे नहीं." ढकललीही त्यानेच.
घरी येऊन रागात लेख लिहिला. 'आमचे नाडीवैद्य'. इंजिनाला कान लावून रोग सांगणारे, मासवणहून बोईसरात अवतरलेले धन्वंतरी; पेशंटचं पोट बदलतात, पेशंट तसाच. तासाभरात झाला. चांगला झाला, हेच वाईट.
गणपतचं नाव घातलं नाही. नाव सोडून सगळं घातलं.

११ एप्रिल
छापून आला. सकाळपासून फोन. 'काय सोललाय!' वगैरे.
बायकोने, सुमेधाने, चहा पिता पिता वाचला. "हा गणपतच ना?"
"कोणीही असू शकतो."
"बोईसरात मासवणचे, कानाने इंजिन तपासणारे किती आहेत रे?"
कप विसळायला उठलो. एरवी उठत नाही, ते तिच्या लक्षात आलं.

१३ एप्रिल
गणपतचाच फोन. लेखाचा उल्लेख नाही. "साहेब, गाडी आना. रोग गावत नाय तवर मला चैन नाय."
डॅशबोर्डवर दोन छोटे बल्ब लावले. एक पंपाच्या वायरीवर, एक किल्लीच्या. "बंद पडंल तवा कोनता विजतो, तेवडं बगायचं." भर दुपारी तारापूर रस्त्याने निघालो, तो शेजारी, गुडघे हनुवटीला टेकलेले. चौथ्या गतिरोधकानंतर बंद. दोन्ही बल्ब एकदम गेले.
"पंप बरोबर हाय. करंट किल्लीकनंच तुटतो."
आणि रस्त्याकडेलाच आडवा होऊन हात आत घातला. मी म्हणालो, राहू दे, गॅरेजवर बघू. उशीर झाला होता. हात काळ्या दोऱ्यासकट बाहेर.
वायरींचा जोड काळा, चिकट झालेला. "उनात बिबा पाजरला. तेल जोडात गेलं. तापलं की पातळ व्हतं, पिन धरत नाय. गार झालं की परत धरते."
'पाजरला' या शब्दावर एक कोटी सुचली. गिळली.
तो माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "आईने बांधला असेल."
आईला जाऊन सहा वर्षं झाली. गाडी आणून आठ महिने.
"असू द्या," गणपत म्हणाला. "म्हातारी मानसं. जीव असतो त्यांचा."

१५ एप्रिल
गाडी लोण्यासारखी चालते. आभार मानायला गॅरेजवर गेलो. गणपतच्या उजव्या हाताला बिब्बा उतलाय. दोन बोटं फुगून टरारलेली, खोबरेल लावलेलं, वर फडकं. पाना धरता येत नाही.
त्याची बायको, यमुना, माझ्याकडे न बघता बोलली. तारापूरच्या एका कारखान्याच्या आठ गाड्यांचं काम याला मिळणार होतं. तिथला साहेब येऊन गेला. "पेपर दाकवून हसला. म्हनला, आता बगू, सोमवारी सांगतो. तुमीच लिवलंय ना ते?"
हो म्हणालो. या महिन्यातलं पहिलं खरं उत्तर.
"बस झालं, यमुने," आतून गणपत.

१६ एप्रिल
माफी लिहायला बसलो. तिसऱ्या ओळीला विनोदी झाली. फाडली. पुन्हा लिहिली. सुमेधाला दाखवली.
"छान आहे. यात तू किती गोड दिसतोस."
फाडली. शेवटी चार वाक्यं उरली. उपमा नाही, कंस नाही. आपलं लिखाण इतकं उघडं कधी पाहिलं नव्हतं.

१७ एप्रिल
कागद घेऊन गणपतकडे. वाचून दाखवायच्या आधी सांगून टाकलं. बिब्बा मी बांधला. आई नाही आता. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो.
"म्हाईत हाय."
"कसं?"
"त्या जागी हात घालाला आडवं व्हावं लागतं, साहेब. म्हातारी कशी आडवी व्हनार?"
म्हणजे रस्त्यावर त्याने माझी लाज झाकली होती. लेख छापून आल्यानंतर दोन दिवसांनी.
मग चार वाक्यं वाचली. पुढच्या अंकात टाकतो म्हणालो.
"नका टाकू. पयल्यांदी कानावर हसले, आता बिब्यावर हसतील, या हातावर पन. माजं नाव पेपरात नको."
"मग कारखान्यातल्या साहेबांना जाऊन सांगतो."
गणपत फडकं नीट करत बसला. "ते तुमचं तुमी बगा. मी जा म्हननार नाय, न् नको पन म्हननार नाय."
छापू नको म्हणाला तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. इथे लिहून ठेवतो, नाहीतर विसरायची सोय करीन.

२० एप्रिल
सोमवार. दहाला तारापूर, कारखान्याचं गेट. साहेब सांगलीकडचे, दिलखुलास. नाव सांगताच उठून उभे. "या या! काय हाणलाय त्या मेकॅनिकला!" चहा मागवला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं, "हेच ते."
मी म्हणालो, मेकॅनिक बरोबर होता. बिघाड मी केला, वर खोटं बोललो.
तिघेही हसले.
पुन्हा सांगितलं. बिब्बा, दोरा, त्याने विचारलेला प्रश्न, माझं उत्तर. साहेबांनी रुमालाने डोळे पुसले. "तुम्ही म्हणजे ना, गंभीर चेहऱ्याने टाकता!"
तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला. ते त्यांना सगळ्यात आवडलं.
वीस वर्षं मेहनत करून हे कमावलंय.
बोलणं सोडलं. चार वाक्यांच्या कागदावर त्यांच्यासमोर सही केली, टेबलावर ठेवला, चहा तसाच सोडून बाहेर आलो. केबिनची काच दुधी. जाऊ शकलो असतो, उभा राहिलो. आतली तीन डोकी कागदावर वाकलेली तेवढी दिसत होती. बराच वेळ वाकलेली होती. हसण्याचा आवाज आला नाही. पण पंखा मोठा होता, आणि दार बंद.