दादाच्या स्वेटरचं माप

प्रिय दादा,

इतकी वर्षं तू इकडे फिरकला नाहीस, त्यामुळे हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही. तरी लिहिते.

वृद्धाश्रमात आईला करमेना, म्हणून लोकर आणि सुया घेऊन गेले. नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही शेजारी बसणार असाल तरच." मी बसले. थरथरत्या बोटांनी आई विणू लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काल पाहिलं, तर स्वेटर एवढासा, लहान मुलाचा.

"कुणासाठी गं?"

"थोरल्यासाठी. शाळेत कुडकुडतो तो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, दादाचे केससुद्धा पिकलेत आता."

तिचे हात थांबले. तिला धक्का बसेल असं बोलू नका, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिने सगळा स्वेटर उसवला, लोकर गुंडाळली आणि म्हणाली, "मग त्याचं माप आण."

उद्या ती विचारेल, या धास्तीने मला काही सुचत नाही. विसरली असेल, तर त्याचीही भीती वाटते. तुझं माप मला ठाऊक नाही, दादा. फोनवर सांगू नकोस. ये, आणि तिलाच घेऊ दे.

तुझी वाट पाहणारी,
धाकटी