ठिगळीची पुढची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सोफे आणि गाद्या शिवण्याच्या धंद्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, हे डॉक्टरांनी कालच तपासले. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. दहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे माझे घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या लेकीला मिळावी. तिने मला तिच्याकडे राहायला बोलावले होते. तिच्या इमारतीत कुत्र्याला परवानगी नाही म्हणून मी गेलो नाही. "बाबा, तुम्हाला माझ्यापेक्षा ती कुत्री जास्त," असे ती तेव्हा म्हणाली. तसे नाही, पोरी. तुला जिना चढता येतो, एवढाच फरक.

कलम २. ठिगळी, माझी कुत्री, वय तेरा वर्षे, हिचा ताबा माझ्या धाकट्या भावाकडे जावा. हे वाचून ओळखीतल्यांना आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहून ठेवतो.

ठिगळी आमच्याकडे सोफ्यातून आली. दुरुस्तीला आलेल्या एका तीन बैठकीच्या सोफ्याचे खालचे कापड मी फाडले, तर स्प्रिंगांच्या मधे हे पिल्लू झोपलेले. पाठीवर काळा चौकोन, कोणी घाईत ठिगळ लावल्यासारखा. गिऱ्हाइकाने हात वर केले. माझी पत्नी डबा घेऊन कारखान्यात आली होती. तिने पिल्लू पदरात घेतले आणि डबा आम्हाला न देताच परत घरी घेऊन गेली. त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ उपाशी राहिलो आणि दिवसभर हसत होतो.

तीन वर्षांनी पत्नी आजारी पडली. मी दवाखान्यात असताना धाकट्याने वडिलांचे कापड कापायचे टेबल भंगारात काढले. जाब विचारला तर म्हणाला, "दादा, हाताची शिलाई आता कोणाला हवीय?" त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो तळमजल्यावर, मी दुसऱ्यावर, जिना एकच. पत्नी गेली त्या दिवशीही तो दारात उभा राहिला आणि मी त्याच्याकडे पाहिले नाही. असे दहा वर्षे चालले.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी फिरून येताना ठिगळी तिसऱ्या पायरीवर बसली आणि उठेना. मागचे पाय थरथरत होते. अठ्ठावीस किलोचे जनावर, माझी कंबर ही अशी. मी ओढाताण करत असताना खालचे दार उघडले.

"दादा, तसं नको. पोटाखालून टॉवेल घे. मागून मी धरतो."

चौतीस पायऱ्या आम्ही तिला टॉवेलच्या झोळीत तोलत नेले. वर पोचल्यावर तो पाणीसुद्धा न पिता उतरला.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी सांगितले की सांधे झिजलेत. जिना कायमचा बंद. "खाली राहणाऱ्या कोणाकडे द्या तिला, नाहीतर तिचे हाल होतील." तीन दिवस मी विचार केला. चौथ्या दिवशी धाकटा वर आला, दारातच उभा राहिला.

"तू खाली ये. आम्ही वर येतो."

"बायकोला विचारलंस?"

"तीच म्हणाली. मला कुठलं सुचतंय!"

रविवारी दोन्ही घरांचे सामान जिन्यात समोरासमोर आले. कपाट अडकले तेव्हा आम्ही एकमेकांवर ओरडलो. दहा वर्षांनी ओरडलो. फार बरे वाटले.

कलम ३. माझ्यानंतर धाकट्याने पुन्हा तळमजल्यावर यावे. कागदोपत्री तो त्याचाच आहे. ठिगळीने तिथेच राहावे. फरशीवर मी शिवलेल्या सतरंज्या काढू नयेत, तिचा पाय घसरतो. तिची गादी घट्ट फोमची आहे. मऊ गादीत ती रुतते आणि उठताना कण्हते. फिरणे थोडे थोडे, दिवसातून तीनदा. नखे वाढू देऊ नयेत. गोळी जेवणाबरोबर, डॉक्टरबाई सांगतील तेवढीच. माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही नाही. थंडीत सकाळी उठवण्याआधी कंबर हलक्या हाताने चोळावी. भावजयीने बिस्किटे देणे थांबवावे. ती देते, मला माहीत आहे. वजन वाढले की सांधे बोलतात.

कलम ४. शिलाई मशीन भावजयीला. हातोडी आणि वाकड्या सुया धाकट्याला, त्याला हाताची शिलाई आठवत असेल तर. टेबलाबद्दलचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही.

कलम ५. "म्हातारं कुत्रं, इंजेक्शन देऊन मोकळे व्हा," असे म्हणणाऱ्या समोरच्या विमा एजंटाला माझ्या अंत्यविधीला यायला हरकत नाही. खुर्ची मात्र देऊ नये.

कलम ६. ठिगळी खायचे सोडेल, ओळखीचा आवाज ऐकूनही शेपूट हलवणार नाही, तेव्हा डॉक्टरबाईंना घरी बोलवावे. माझी आठवण म्हणून तिला ओढत ठेवू नये. धाकट्याने जवळ बसावे. या वेळी दारात उभे राहू नये. तेव्हा मी त्याला आत ये म्हणायला हवे होते.

कलम ७. ती माझ्याआधी गेली, तर मी दुसरा मजला चढून जाईन आणि धाकट्याकडे चहा मागेन. हे मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणाले. असू दे, त्याने वाचावे म्हणून लिहिले.

सही: (सोफेवाले दादा)

साक्षीदार, दोघींनी माझ्यासमोर सही केली:
१. जनावरांच्या डॉक्टरबाई
२. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (शुद्धलेखन यांनीच तपासले)

ठिकाण: तळमजल्यावरची पुढची खोली
दिनांक: सोळा जानेवारी, सकाळचे अकरा. ठिगळी उन्हात झोपली आहे.