डावीकडचा खोकला

कोलंबस, ओहायो
३ ऑक्टोबर

ती. सिग्नेताईस,
सा. न. वि. वि.

खोक्यात हेडफोन आहे, त्याखाली हे पत्र. आधी पत्र वाच. तू नेहमी उलटं करतेस आणि मग सूचना विचारायला फोन करतेस.

मासिकाचा नाताळच्या भेटवस्तूंचा अंक जवळ आलाय. दिवाणखान्यात तपासायच्या हेडफोनची अकरा खोकी आहेत, आणि संपादक गॉर्डन म्हणतो की बारावं वाटेत आहे. कानांच्या पाळ्या दुखतात, चष्म्याच्या काड्यांखाली वळ उठलेत. एकतीस वर्षं हे केलं, पण या वर्षीइतका कंटाळा कधी आला नव्हता. सकाळी कॉफी घेतो आणि पहिलं खोकं उघडायच्या आधीच वाटतं, संध्याकाळ झाली असती तर बरं.

तुझं काम नेहमीचंच. दिवसभर घाल, चष्म्यासकट. दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करण्यात तुझी तीस वर्षं गेली, तेव्हा हेडफोन कुठे टोचतो हे तुझ्या डोक्याइतकं कुणालाच कळत नाही. आवाजाचं मी बघतो.

हा जोड विस्कॉन्सिनच्या ट्रूडी व्हॅन्डरस्लूट बाईंचा. तीन माणसांचा कारखाना, कानाच्या वाट्या मॅपलच्या लाकडाच्या. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती की या अंकावर त्यांचा हिवाळा अवलंबून आहे. अशा चिठ्ठ्या मला आवडत नाहीत, त्यातून जोड सदोष आहे. डावी बाजू मंद. मी परत पाठवल्यावर त्यांनी दुसरा दिला, तोही तसाच, म्हणून तोही परत गेला. हा तिसरा. आपली जुनी टेप लावली, तुमच्या चर्चच्या गायकवृंदाची, एक्क्याऐंशी सालची. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी डावीकडे तू खोकतेस ना, तो खोकला तिन्हींत नाही. जो हेडफोन तुझा खोकला गिळतो त्याला मी चांगलं कसं म्हणू? मजकूर २४ तारखेला छापायला जातो.

तुमच्या लेकसाइड भागात थंडी पडली असेल. गुडघ्याला जप. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
आर्विड


डुलूथ, मिनेसोटा
९ ऑक्टोबर

चि. आर्विड यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आधी वाचलं. तुझ्या समाधानासाठी लिहून ठेवते.

दोन दिवस घातला. पहिला दिवस शिवणकामात गेला, दुसरा सफरचंदं सोलण्यात. वजन आहे, पण ते टाळूवर एका जागी बसत नाही, पट्टीभर पसरतं. पकड सुरुवातीला घट्ट होती. तू शिकवलंस तसं रात्रभर पुस्तकांच्या चवडीवर ताणून ठेवला, सकाळी सैल झाला. मेंढीच्या कातड्याच्या गाद्या मऊ आहेत, माझे हे हत्तीचे कान पूर्ण आत मावतात. तिसऱ्या तासाला मात्र आत उबारा धरतो. चष्म्याची काडी रुतली नाही. जबडा हलवला की वाटी हलते, तेव्हा खात खात ऐकणाऱ्याने विचार करावा. शेजारच्या आयलीनलाही घालून बघितला. तिला तो इतका आवडला की परत मागून घ्यावा लागला.

आता न विचारलेलं. मी माझ्याकडची टेप लावली. माझा खोकला डावीकडे स्वच्छ ऐकू येतो. इतका, की मला पुन्हा लाज वाटली. आयलीनलाही विचारलं, ती म्हणाली की कुणीतरी गाणं बिघडवतंय.

म्हणून माळ्यावरून तुझे या वर्षीचे अंक काढले. एप्रिलपासून तू नऊ हेडफोन तपासलेस. त्यातल्या चारांबद्दल तू लिहिलंयस की डावी बाजू जरा मागे पडते. चार वेगळे कारखाने, चूक एकच. मला हिशेब जमत नाही हे तू लहानपणापासून सांगतोस, पण एवढा जमतो.

आणखी एक. जुलैत सगळे जेवायला बसलो तेव्हा तू मार्गिट मावशीला उठवून खुर्ची बदललीस. उन्हाचं कारण दिलंस. ऊन तिकडे नव्हतं.

रागावू नकोस. जेवण वेळेवर घे. तुझी काळजी करणारी,
सिग्ने


कोलंबस
१४ ऑक्टोबर

ती. सिग्नेताईस,
सा. न. वि. वि.

गाद्यांबद्दलचं तुझं सगळं शब्दशः घेतलं, उबाऱ्यासकट. आभार.

बाकीचं राहू दे. डॉक्टरांनी सांगितलेली औषधांची नावं ऐकणं वेगळं आणि वाद्याच्या वरच्या स्वरांची झिलई ऐकणं वेगळं. खोकला ऐकू आला म्हणजे तो जिथे हवा तिथे, हवा तितका आला असं होत नाही. आयलीन तर चर्चमध्ये टाळ्याही चुकीच्या वेळी वाजवते.

व्हॅन्डरस्लूट बाईंचा फोन आला होता. त्यांनी अगदी नरमाईने विचारलं की यंत्रावर तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात, मग मला नेमकं काय कमी वाटतं. मी सांगितलं की यंत्र मोजतं, कान ऐकतात. हे वाक्य मी वाचकांना शंभरदा सांगितलंय. मग म्हणाल्या, बरं, आधीचे दोन जोड उघडून बघते.

मजकूर गॉर्डनला पाठवून दिला. तो खूश आहे, कारण या वेळी दहा दिवस आधी गेला. मी थकलोय ताई, आणि जुलैतल्या खुर्चीवर बोलायचं त्राण नाही.

आर्विड


डुलूथ
१७ ऑक्टोबर

चि. आर्विड यास,
आशीर्वाद.

हेडफोन परत पाठवतेय. डाव्या वाटीला तांबड्या लोकरीचा धागा बांधलाय. तो सोडू नकोस.

वाचकांना तू काय सांगतोस? एक बाजू मंद वाटली तर कारखान्याला दोष देण्याआधी हेडफोन उलटा घाला. मंदपणा दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा, त्याच कानात राहिला तर कानाचा. माझ्याकडे ते पान आहे, मी ते कापून ठेवलंय. मी उलटा घालून बघितला. आयलीननेही बघितला, आम्हाला दोन्ही बाजू सारख्याच ऐकू आल्या. तू बघितलास का? मला माहीत आहे, नाही. उलटा हेडफोन घालणं म्हणजे उलटे बूट घालणं, असं तू मला ऐंशी साली ऐकवलं होतंस.

म्हणून एवढंच कर. तांबडा धागा उजव्या कानावर घे, टेप लाव, आणि दुसऱ्या गाण्याच्या शेवटापर्यंत बस. खोकला नाही आला तर मी चुकले, आणि तुझ्या कानांवर यापुढे चकार शब्द काढणार नाही. आला, तर तिकडे विस्कॉन्सिनात त्या बाईंचा हिवाळा अडकलाय आणि छपाई चोवीसला आहे.

वेलदोड्याची पोळी भाजून सोबत ठेवलीय. आधी खा, मग ऐक.

माया तशीच आहे, बोलणं लागलं तरी.
सिग्ने


कोलंबस
२२ ऑक्टोबर

ती. सिग्नेताईस,
सा. न. वि. वि.

पोळी आधी खाल्ली. बहुतेक वेळ काढण्यासाठीच.

मग धागा उजव्या कानावर घेतला. खोकला आला. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी, जसा होता तसा. हेडफोन सरळ केला, खोकला गेला. पुन्हा उलटा केला, आला. त्यानंतर फळीवरचे बाकीचे दहा एकेक करून उलटे घातले. कसेही घातले तरी दहाच्या दहा उजव्या कानाला लख्ख आणि डाव्याला मंद. सगळे चांगले आहेत, ताई. एकही बिघडलेला नाही.

काल कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई आहेत. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून माझ्या कानांवर हेडफोन ठेवला. जुना, कडक, टाळूला टोचणारा. मी सवयीने गाद्यांबद्दल तक्रार केली, तर म्हणाल्या की इथे परीक्षा तुमची आहे. डाव्या कानाचे वरचे स्वर बरेच गेलेत. परत येणार नाहीत. खालचे ठीक आहेत म्हणून मला इतके दिवस कळलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांची चूक दाखवली नाही. जुलैत कळलं होतं, तुलाही आणि मलाही.

तिथूनच गॉर्डनला फोन केला. तो आधी म्हणाला की दोन दिवसांत पान कशाने भरू. मी म्हटलं, खऱ्याने भर. रात्री बसून लिहून दिलं. एप्रिलपासूनच्या त्या चारही जोडांची नावं घालून, माझा डावा कान आणि माझी न केलेली परीक्षा, दोन्ही त्यात आहे. आवाजाचा निवाडा जानेवारीपासून दुसरं कुणी करेल. मग गॉर्डनने विचारलं की गाद्या आणि पट्ट्यांचं तू आणि तुझी बहीण बघाल का. मी तुझ्या वतीने हो म्हटलंय.

व्हॅन्डरस्लूट बाईंचा फोन अवघड गेला. त्यांनी ते दोन जोड खोलून आतले भाग फेकून दिले होते. बरंच काही ऐकवतील म्हणून तयार होतो, पण त्यांनी फक्त विचारलं की म्हणजे पहिलाच चांगला होता का. हो म्हटलं. मग म्हणाल्या की हे सगळं कागदावर लिहून, सही करून पाठवा, बाकीचं नंतर बघू. पाठवलं. माफी मागितली, ती मिळाली की नाही ठाऊक नाही. त्यांच्या जोडाचा आवाज कसा आहे हे तुझ्या, आयलीनच्या आणि यंत्राच्या भरवशावर छापलंय. आरामाबद्दल तुझीच वाक्यं आहेत. जबड्याचंही ठेवलं.

तुझा तांबडा धागा अजून तसाच आहे.

नोव्हेंबरात जेवायला येतोय. मार्गिट मावशीला उठवू नकोस, पानं मांडतानाच मला तुझ्या डाव्या हाताला बसव. म्हणजे तू माझ्या उजवीकडे येशील. आणि कुणी विचारलं तर उन्हाचं सांगू नकोस.

तुझा,
आर्विड