उपरण्याखालचं सर्व्हिसिंग

४ जानेवारी १९५८, जुना जालना
नव्या वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा लिहितो आहे. पहिले तीन दिवस तो पाळता येतो का ते बघत होतो. दुकानाच्या वह्या मारवाडीत, ही रोजनिशी मात्र मराठीत, कारण भाईजी मराठी वाचत नाहीत.
संकल्प: मोटारीवरून कोणाचं ऐकून घ्यायचं नाही.

५ जानेवारी
ऐकून घेतलं. भाईजी, म्हणजे थोरले बंधू सुरजमलजी. दुकान त्यांचं, तिजोरी त्यांची, शेवटचा शब्दही त्यांचाच. मोटार दुकानाच्या नावे, पण घ्यायला लावली मी आणि चालवतोही मीच. आज ती धान्याच्या मोंढ्यात मधोमध बंद पडली. हमालांनी ढकलत घरी आणली. भाईजी म्हणाले, एकदा काय ते सर्व्हिसिंग करून घे, पण खर्चा पन्नासच्या वर गेला तर मोटार विकली समज.
पन्नास भरपूर झाले. सौ. प्रेमबाईला शब्द दिलाय: २ फेब्रुवारीला भोकरदनला तिच्या भावाची सगाई आहे, तिथे मोटारीतून नेणार, स्वतः चालवत. तिने माहेरी कळवूनही टाकलं.

६ जानेवारी
कडूबा मिस्तरी येऊन गेला. म्हणे, "शेट, कंपनीत कशाला जाऊन राह्यले? पंधरात मी करून देतो." मागच्या खेपेला त्यानंच केलं होतं. दोन नट उरले, ते जास्तीचे होते म्हणून परत दिले. प्रामाणिक माणूस. पण या वेळी औरंगाबादला कंपनीच्या एजंटाकडेच. तिथला रेट ऐकून लोक घाबरतात. लोकांना भाव करता येत नाही.

९ जानेवारी, औरंगाबाद स्टेशन
फत्ते. मोटार कशीबशी चालवत आणून कंपनीत सोडली, आता रेल्वेची वाट बघतोय.
मॅनेजर धर्मराज म्हणून आहेत. पांढरा कोट, खिशाला तीन पेनं. खर्चा विचारला तर म्हणाले, गाडी उघडल्याशिवाय सांगता येत नाही. मी नुसता हसलो. आमच्या मोंढ्यात भाव तोंडानं करतच नाहीत. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे दहा. शेजारच्याला पत्ता लागत नाही.
टेबलावर उपरणं टाकलं, त्यांचा हात धरला, तीन बोटं दाबली. त्यांनी हात ओढला. कमी वाटले असणार. चार दाबली. पुन्हा ओढला, जरा जोरात. मग चार आणि अर्धं. तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं माझा खांदा धरला आणि सावकाश मान हलवली. पंचेचाळीसला सौदा पक्का.
नंतर खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला, लिंबूसोडा मागवला. सौद्यानंतर इतका मान मोंढ्यातसुद्धा मिळत नाही.

१० जानेवारी
भाईजींना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की हात दिला ना त्यानं? दिला म्हटलं. "मंग बराबर," म्हणाले. उपरण्याखालचा सौदा आमच्या धंद्यात मोडत नाही. संध्याकाळपर्यंत भाईजींनी मोंढाभर केलं. मला अभिमान वाटला, लपवत नाही.

१५ जानेवारी
एजंटाचं कार्ड आलं. "ब्रेकचे काम निघाले आहे. करावे काय?"
सौदा झाल्यावर हा प्रश्न? अंगावर पडलेलं काम टाळायची युक्ती, दुसरं काय. उलट टपाली लिहिलं: जे जे निघेल ते ते सर्व करावे, सौदा पक्का आहे.

१८ जानेवारी
भाव एकदा ठरला की माल दाबून भरून घ्यायचा. कंपनीला दुसरं पत्र टाकलं: चारी टायर नवे, सीटला नवं रेक्झिन, बाहेरून पूर्ण रंग.
रंग प्रेमबाईला विचारला. मोरपंखी, म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, पंचेचाळीसात टायर कसे बसतील? तिला सौद्यातलं काय कळतंय. मोरपंखी कळवला.

२३ जानेवारी
झोप लागत नाही. कंपनीचं नुकसान डोळ्यांपुढे येतं. धर्मराजांना बायकापोरं असतील. माझ्यापायी नोकरी गेली तर? मोटार आणायला जाताना त्यांना मोसंब्यांची करंडी न्यायची. (ही पन्नासात धरायची नाही.)

२५ जानेवारी
भाईजी म्हणतात, मीपण येतो, असा मॅनेजर बघायचाच आहे. उत्तम. माझं काम त्यांना समक्ष दिसेल.
कडूबाला रस्त्यात थांबवून मुद्दाम सांगितलं. म्हणे, "पंचेचाळीसात मी रंगाचा डबाबी देत न्हाई." जळतो.

२९ जानेवारी
मोटार मला ओळखू आली नाही. भाईजी मागच्या सीटवर बसले, दोनदा उसळून पाहिलं आणि तिथेच बसून राहिले.
मग बिल आलं. नऊशे बारा रुपये.
मी भाईजींना शांतपणे सांगितलं की छपाईची चूक आहे. बिल हातानं लिहिलेलं होतं.
धर्मराजांना बोलावून घेतलं आणि उपरणं पुढे केलं. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. त्या दिवशीच्या सौद्याची आठवण दिली, तर म्हणाले, "शेटजी, मला वाटलं तुम्हाला चक्कर आल्ती. म्हणून तर धरून बसवलं, सोडा पाजला." नंतर माझी पत्रं टेबलावर ठेवली. जे जे निघेल ते ते सर्व. खाली माझी सही, बिलकुल स्पष्ट.
भाईजींनी पैसे मोजून दिले. करंडीही त्यांनीच दिली. जालन्यापर्यंत मोटार मी चालवली, मागे भाईजी. ब्रेक फार छान लागतात.

३१ जानेवारी
भाईजी शब्दाचे पक्के. मोटार विकली. घेतली त्यांनी स्वतःच. म्हणाले, आता इतकी चांगली झालेली गाडी बाहेर कोणाला देऊन टाकायची? नऊशे बारा माझ्या खात्यावर टाकले, मोटार त्यांच्या नावे झाली. चालवायला कडूबाला ठेवलं आहे. मी विचारलं, परवा भोकरदनला मी चालवू का? तर म्हणाले, बघू.

२ फेब्रुवारी, भोकरदन
मोटारीत भाईजी, चंदाबाई भाभी, प्रेमबाई आणि मिठाईच्या टोपल्या. मला जागा उरली नाही. भाईजी म्हणाले, काम नवीन आहे, स्प्रिंगांवर जादा वजन नको. मी बसनं आलो, अर्धा रस्ता उभ्यानं.
पोचलो तेव्हा सगळं सासर अंगणात मोटारीभोवती जमलं होतं. जावई आले, असं कोणी म्हणालं नाही. सासूबाई दारावरून हात फिरवत होत्या. त्यांनी विचारलं, मोटार कोणाची? मी तोंड उघडणार तोवर प्रेमबाई म्हणाली, जेठजींची, म्हणजे भाईजींची.
फार वाईट वाटलं. हिशोबानं मात्र तिचं बरोबर आहे.